नगरचा खर्ज आणि चार जाड तारा

सप्टेंबर १९८८. अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत पहिल्या नंबरवर चढलेल्या गाण्यात बेस गिटार नव्हती. ड्रम नव्हते, कीबोर्ड नव्हता, एकही वाद्य नव्हतं. 'डोन्ट वरी, बी हॅपी' या गाण्यातला प्रत्येक आवाज बॉबी मॅकफेरिन या एकाच माणसाने तोंडाने काढला होता. एकेक आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा आणि तो आधीच्या आवाजावर चढवायचा, असं करत अख्खा वाद्यवृंद उभा केला. त्यातला खालचा, पोटातून येणारा 'डुम डुम'सुद्धा त्याचाच. केवळ गळ्यावर उभं असलेलं गाणं त्या यादीत पहिलं येण्याची ही पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमीही मिळाली.

आता नगरकरांनी कान टवकारावेत. ते चार शब्द मॅकफेरिनचे नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये टक अँड पॅटी या जॅझ जोडीच्या घरी त्याने एक पोस्टर पाहिलं. त्यावर हे शब्द होते आणि शेजारी मोठ्या नाकाच्या, भरघोस मिशांच्या, हसऱ्या चेहऱ्याच्या एका माणसाचा फोटो. ते मेहेरबाबा. त्यांची समाधी नगरपासून दौंड रस्त्यावर नऊ-दहा किलोमीटरवर, अरणगावच्या मेहेराबादला आहे. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या 'बिनबेसाच्या बेस'चा धागा असा थेट आपल्या माळरानावर येतो.

आणि तो एकटाच नाही. बेस गिटारचं वेड असलेली माणसं वादक, वाद्य, तारा आणि अॅम्प्लिफायर यांवर रात्र रात्र बोलू शकतात. त्यांच्या गप्पांत लंडन येतं, डेट्रॉइट येतं, मुंबई येते. नगर येत नाही. यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मौन आणि महागोंगाट

मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षांहून जास्त काळ, ते पाळलं. आधी अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून बोलायचे, १९५४ नंतर तीही सोडली आणि फक्त हातांच्या खुणा उरल्या. अशा मौनी माणसाचा सगळ्यात गाजलेला पाश्चात्त्य भक्त कोण असावा? 'द हू' या बँडचा पीट टाउनसेंड. हाच तो बँड, ज्याच्या ३१ मे १९७६ च्या लंडनमधल्या चार्ल्टन मैदानावरच्या कार्यक्रमाची गिनीज बुकात 'जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा' अशी नोंद झाली. आकडा होता १२६ डेसिबल, आणि तो स्पीकरपासून ३२ मीटर अंतरावर मोजलेला. लोकांच्या कानांना इजा होईल अशा स्पर्धेला उत्तेजन नको, म्हणून गिनीजने पुढे हा विक्रम नोंदवणंच बंद केलं.

टाउनसेंडची आणि बाबांची भेट कधीच झाली नाही. १९६७ च्या सुमाराला एका चित्रकार मित्राकडून त्याला बाबांबद्दल कळलं. १९६९ च्या 'टॉमी' या अल्बमवर श्रेयनामावलीत बाबांचं नाव 'अवतार' म्हणून छापलं गेलं. त्या अल्बमचा नायक न बोलणारा, न ऐकणारा, न पाहणारा मुलगा आहे, हे बाबांच्या मौनाशेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. १९७२ मध्ये टाउनसेंड स्वतः नगरला समाधीच्या दर्शनाला येऊन गेला. त्याच वर्षी त्याने बाबांची 'परवरदिगार' ही प्रार्थना गिटारवर चाल लावून आपल्या अल्बममध्ये गायली.

'बाबा ओ'रायली' (१९७१) हे गाणं तर आज जगभरच्या स्टेडियममध्ये वाजतं. त्यातले 'बाबा' आपले अरणगावचे. 'रायली' म्हणजे टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार, जो १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य होता. इंग्रजी रॉकच्या एका शीर्षकात नगरचा संत आणि किराण्याचा शागीर्द शेजारी शेजारी बसले आहेत! सुरुवातीला जो लखलखता, फिरत राहणारा आवाज ऐकू येतो, तो अनेकांना सिंथेसायझर वाटतो. ते खरं तर लॉरी कंपनीचं घरगुती ऑर्गन आहे.

तार तुटली की नवा बेस

याच बँडचा बेसवादक जॉन एंटविसल. वाजवताना तो खांबासारखा स्थिर उभा राहायचा, फक्त बोटं पळायची. लहानपणी पियानो, मग ट्रम्पेट, मग फ्रेंच हॉर्न. संगीतावर पोट भरायला लागण्याआधी नोकरी कुठे, तर आयकर खात्यात.

१९६५ च्या 'माय जनरेशन'मध्ये त्याने बेसचा एकल तुकडा वाजवला. रॉकच्या रेकॉर्डवर बेसने पुढे येऊन बोलण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रसंग. त्यामागची गंमत अशी की त्याला पातळ, झणझणीत तारा हव्या होत्या आणि त्या डॅनइलेक्ट्रो या अमेरिकन बेसवर होत्या. पण तार तुटली की इंग्लंडमध्ये सुटी तार मिळेना. उपाय एकच: एका तारेसाठी दुसरा बेस विकत घ्यायचा. पुन्हा तुटली, पुन्हा नवा. दुकानातले डॅनइलेक्ट्रो संपले तेव्हा अखेर फेंडरच्या जॅझ बेसवर, वेगळ्या तारा लावून, तो तुकडा रेकॉर्ड झाला. पुढच्याच वर्षी त्याने रोटोसाउंड या इंग्लिश तार कंपनीबरोबर बसून गोल वेढ्याच्या, चमकदार आवाजाच्या बेसतारा करून घेतल्या. आज जगातल्या बहुतेक रॉक बेसवर याच जातीच्या तारा असतात. एका वैतागलेल्या गिऱ्हाइकाने अख्ख्या वाद्याचा आवाज बदलला.

उतारवयात एंटविसलला फारच कमी ऐकू यायचं. टाउनसेंडच्या कानातही कायमची शिटी वाजते. मोठ्या आवाजाची हौस असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बाबांचा बेसवाला

आता खरा माणूस. टाउनसेंड गिटारवाला. पण मेहेरबाबांच्या भक्तांत एक अस्सल बेसवादकही होता: रॉनी लेन. त्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नगरच्या तरुण बेसवाल्याने भिंतीवर एकच फोटो लावायचा ठरवला, तर तो याचा लावावा.

पूर्व लंडनच्या मॅनर पार्कमध्ये जे-६० नावाचं वाद्यांचं दुकान होतं. किशोरवयीन लेन वडिलांना घेऊन तिथे हार्मनी कंपनीचा बेस घ्यायला गेला. काउंटरमागे स्टीव्ह मॅरियट नावाचा त्याच्याच वयाचा पोरगा. बेसचा व्यवहार झाला, गप्पा झाल्या, मॅरियटने घरी रेकॉर्ड ऐकायला बोलावलं आणि त्यातून १९६५ मध्ये 'स्मॉल फेसेस' हा बँड उभा राहिला. सगळे जण उंचीने बेताचे, म्हणून नावात 'स्मॉल'. पुढे मॅरियट बँड सोडून गेला, उंच रॉड स्टुअर्ट आणि रॉनी वुड आले, आणि बँड नुसता 'फेसेस' झाला.

लेनचा बेस ऐकताना एक गोष्ट पटकन लक्षात येते. तो मूळ सूर ठोकत बसत नाही, चालतो. गाण्याच्या खालून त्याची स्वतःची एक चाल सुरू असते, गायकाच्या सुरांमधल्या मोकळ्या जागा हेरत. त्याच्या हातात बऱ्याचदा टोनी झेमायटिस या लंडनच्या कारागिराने घडवलेला बेस असायचा. धातूच्या पत्र्यावर नक्षी कोरलेली वाद्यं ही झेमायटिसची खासियत, आणि ती नक्षी काढणारा डॅनी ओब्रायन मुळात बंदुकांवर कोरीवकाम करणारा.

१९७२ च्या टाउनसेंडच्या अल्बममध्ये, जिथे 'परवरदिगार' आहे, तिथेच लेनचं 'इव्होल्यूशन' हे गाणंही आहे. दगडापासून माणसापर्यंतच्या प्रवासाची ती बाबांच्या शिकवणीतली कल्पना, लेनने लोकगीतासारखी सुटसुटीत करून गायली. १९७७ मध्ये दोघांनी मिळून 'रफ मिक्स' हा अल्बम केला.

पण लेनची सगळ्यात नगरी गोष्ट निराळीच आहे. १९७३ मध्ये, 'फेसेस' ऐन भरात असताना, त्याने बँड सोडला. शेती घेतली. आणि १९७४ मध्ये सर्कशीचा तंबू, ट्रक, जुन्या कॅरव्हॅन, विदूषक, नर्तकी, आगीचे खेळ करणारे आणि वादक असा लवाजमा घेऊन इंग्लंडच्या गावोगाव निघाला. 'द पासिंग शो' हे त्या खेळाचं नाव. दिवसा तंबू ठोकायचा, रात्री गाणी, मग तंबू उतरवून पुढच्या गावाला. वाटेत गाड्या बंद पडायच्या, प्रेक्षक थोडे, आगीच्या बंदोबस्तासाठी सरकारी अटी जास्त. अखेर कर्ज झालं आणि खेळ आवरावा लागला.

संगमनेरच्या माणसाला यातलं काय नवीन? दसऱ्याला सुपाऱ्या घेऊन बाहेर पडायचं ते बुद्ध पौर्णिमेला परत यायचं, कनाती, ट्रक, स्वयंपाकाची भांडी आणि कलाकारांचा संसार बरोबर, हे तर आपल्या तमाशाच्या फडाचं रोजचं जगणं. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाच्या पवळाबाईंनी पठ्ठे बापूरावांबरोबर बोर्डावर उभं राहून इतिहास घडवला. कांताबाई सातारकर संगमनेरात राहिल्या आणि त्यांनी आपला फड अवघ्या महाराष्ट्रात फिरवला. लेनला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. पण ज्या जिल्ह्यातल्या बाबांना तो मानत होता, त्या जिल्ह्याला त्याचा तंबू पाहून लगेच आपलं कोण ते कळलं असतं.

लेनचं आणखी एक काम बेसवेड्यांना सांगितलं की ते चकित होतात. त्याने अमेरिकन एअरस्ट्रीम कॅरव्हॅनमध्ये चाकांवरचा स्टुडिओ बांधला आणि तो इतर बँडना भाड्याने दिला. 'द हू'चा 'क्वाड्रोफेनिया' (१९७३) आणि लेड झेपेलिनचा 'फिजिकल ग्राफिटी' (१९७५) या दोन अजस्र अल्बमांच्या रेकॉर्डिंगला हीच गाडी होती. म्हणजे झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सचा तो दणदणीत बेस ज्या टेपवर उतरला, ती टेप मेहेरबाबांच्या भक्ताच्या गाडीत फिरत होती.

सत्तरच्या दशकातच लेनला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार जडला. या आजाराच्या संशोधनासाठी १९८३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम झाला, आणि एरिक क्लॅप्टन, जेफ बेक, जिमी पेज हे तिघे एकाच मंचावर आले. एका बेसवाल्यासाठी तीन गिटारसम्राट! लेन ४ जून १९९७ रोजी अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये गेला.

ज्याला गिटार येत नव्हती, त्याने बनवली

इलेक्ट्रिक बेस बाजारात आणणारा लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, शेवटपर्यंत आली नाही. नमुना तयार झाला की वादकांच्या हातात द्यायचा आणि ते काय म्हणतात ते ऐकायचं, ही त्याची पद्धत. १९५१ मध्ये त्याचा 'प्रिसिजन बेस' आला. त्याआधी खालचे सूर वाजवायला माणसाच्या उंचीचा डबल बेस लागायचा. तो गाडीत मावायचा नाही, ड्रम-ट्रम्पेटच्या गदारोळात ऐकू यायचा नाही आणि पडदे नसल्याने बोट केसभर सरकलं तरी सूर घसरायचा. फेंडरने पडदे बसवले, म्हणून 'प्रिसिजन', म्हणजे नेमका. (सिएटलच्या पॉल टटमार्कने १९३६ च्या सुमाराला असाच पडद्यांचा, आडवा धरायचा इलेक्ट्रिक बेस केला होता. तो चालला नाही. काळाच्या पुढे असण्याची किंमत.)

आता आपल्या हार्मोनियमच्या भाषेत बोलू. बेसच्या चार तारा म्हणजे खालून वर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. प्रत्येक तार आधीच्या तारेचा शुद्ध मध्यम. एवढं लक्षात ठेवलं की भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला बेस लावता येतो, कोणत्याही अॅपशिवाय.

सगळ्यात जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१.२ कंपनं. त्या लहरीची लांबी काढा: हवेत सव्वाआठ मीटरहून जास्त, म्हणजे साधारण सत्तावीस फूट. आपल्या घरातल्या बहुतेक खोल्या याहून लहान. म्हणून छोट्या खोलीत बेस एका कोपऱ्यात गडगडतो आणि दोन पावलांवर गायब होतो. स्पीकर किंवा स्वतःला हलवून पाहा, अॅम्प्लिफायर बदलण्याआधी.

आणि ताण? चारही तारा सुरात लावल्या की बेसच्या दांड्यावर साधारण पंच्याहत्तर ते ऐंशी किलोचा ओढा येतो. घोडेगावच्या बाजारातली कांद्याची दीड गोणी चोवीस तास त्या लाकडाला लटकलेली असते असं समजा. म्हणूनच दांड्याच्या आत लोखंडी सळई असते.

डीपीखाली सूर लावा

ही गोष्ट मला फार आवडते. गावातल्या विजेच्या डीपीजवळून जाताना जी घरघर ऐकू येते, ती सुरात असते.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ट्रान्सफॉर्मरच्या आतला लोखंडी गाभा प्रत्येक हेलकाव्याला दोनदा ताणला जातो, म्हणून घरघर होते १०० कंपनांची. बेसची सगळ्यात वरची मोकळी तार, पांढरी पाच, आहे ९८ कंपनांची. फरक अर्ध्या स्वराच्या एक तृतीयांशाएवढा! म्हणजे महावितरण चोवीस तास (वीज असेल तोवर) बेसवाल्यांना जरासा चढा पांढरी पाच देत उभी आहे. देशाच्या वीजजाळ्याची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असा नियम आहे. कित्येक स्वस्त वाद्यं इतकी सुरात राहत नाहीत. अमेरिकेत वीज ६० ची, त्यामुळे तिथली घरघर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये, कुठल्याच पट्टीत न बसणारी. या बाबतीत आपण नशीबवान. अर्थात ऐकायचं ते कुंपणाबाहेरूनच.

हीच वीज बेसच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांची कंपनं पकडणाऱ्या भागात, शिरली की अॅम्पमधून 'हूंऽऽ' येतो. घराचं अर्थिंग नीट नसेल तर जास्तच. १९५७ पासूनच्या प्रिसिजन बेसवर पिकअपचे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात, त्यामुळे ही घरघर आपोआप एकमेकींना मारते. जॅझ बेसवर दोन वेगळे पिकअप असतात. दोन्ही सारखे उघडे असताना शांतता, एक कमी केला की घरघर हजर. नवीन माणसाला वाटतं वाद्य बिघडलं. बिघडलेलं नसतं.

कणकेचा खर्ज

बेस गिटार परदेशातून आली, खालच्या सुराची हाव नाही. ती आपल्याकडे फार जुनी आहे.

नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या परंपरेतल्या कोणत्याही दिंडीतला पखवाज पाहा. वादक वाजवायला बसण्याआधी डाव्या तोंडावर कणकेचा ओला गोळा थापतो. कातड्याचं वजन वाढतं, कंपनं मंदावतात, सूर खाली उतरतो. कणीक कमी-जास्त करून तो हवा तेवढा खर्ज लावतो आणि कार्यक्रम संपला की खरवडून काढतो. ढोलकीच्या डाव्या बाजूला हेच काम कातड्याच्या आतून लावलेला चिकट मसाला करतो, म्हणून तमाशातल्या ढोलकीचा घुमारा बाहेरून दिसत नाही, फक्त ऐकू येतो. कातड्यावर नेमक्या जागी वजन चढवलं की त्याचे वरचे स्वर सुरेल नात्यात येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडलं. आपल्या कारागिरांना ते हाताने ठाऊक होतंच.

तंबोरा घ्या. चार तारा, त्यातली शेवटची खर्जाची. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या घोडीवर कारागीर जवारी काढतात, म्हणजे तार घोडीला हलकेच घासत राहील असा उतार देतात, आणि आवाज फुलतो. बेसवरचे पडदे काढून टाकले की तार लाकडाला अशीच घासते आणि तसाच फुलता आवाज येतो. जॅको पास्टोरियस या अमेरिकन अवलियाने आपल्या १९६२ च्या फेंडर जॅझ बेसचे पडदे उपटले, खाचा भरल्या आणि तारांनी लाकूड खाऊ नये म्हणून वर होड्यांना लावायचं इपॉक्सी चढवलं. जवारी ओळखणारा मराठी कान जॅकोला पहिल्या ऐकण्यातच जवळ करतो, असा माझा अनुभव आहे.

नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. त्यातून चार आवाजांत गाण्याची रीत आली, आणि त्यातला सगळ्यात खालचा आवाज पुरुषांच्या बेसचा. नारायण वामन टिळकांनी त्याच नगरमध्ये अभंग-ओव्यांच्या वळणाची ख्रिस्ती गीतं लिहिली. आजही लहान शहरातल्या मुलाला बेस गिटार पहिल्यांदा जवळून दिसते, हात लावायला मिळते, ती बऱ्याचदा चर्चच्या गायनमंडळातच.

दोन बेस, दोन टॉप

मिरवणुकीचा सीझन आला की 'किती बेस, किती टॉप?' हा प्रश्न लहान पोरगंसुद्धा विचारतं. 'टॉप' म्हणजे वरच्या आवाजाचे डबे, 'बेस' म्हणजे छाती हलवणारे खालचे. इथे एक तांत्रिक गोष्ट प्रत्येकाला माहीत असायला हवी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण हे डेसिबल माणसाच्या कानाच्या कलाप्रमाणे मोजतात, आणि कान खालच्या आवाजाला मंद असतो. त्यामुळे मोजणीत ५० कंपनांचा आवाज तब्बल ३० डेसिबलने कमी धरला जातो. खिडकीची तावदानं थरथरत असतात, आजारी माणूस कासावीस झालेला असतो आणि यंत्रावरचा आकडा मात्र त्या मानाने लहान दिसतो. बेसवर प्रेम असलेल्या माणसाला याचं सगळ्यात जास्त वाईट वाटायला हवं. बेस चांगला वाजतो तेव्हा तो अंगावर येत नाही, पायाला ताल धरायला लावतो.

मुंबईची बोटं

राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ हे बेसचं ठरलेलं नाव. बर्मन यांची गाणी चांगल्या हेडफोनवर फक्त बेस पकडत पुन्हा ऐका, वेगळीच गाणी सापडतात.

चरणजित सिंग हेही मुंबईच्या फिल्म स्टुडिओतले गिटार-बेसवाले. त्यांनी रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे छोटं यंत्र घेतलं. एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून ते बनवलं होतं. बेससारखा आवाज काही निघेना, म्हणून १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं. सिंग यांनी मात्र १९८२ मध्येच ते वापरून भैरव, यमन, मेघमल्हार असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून रेकॉर्ड काढली. ती फारशी विकली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी तेच टाकून दिलेलं यंत्र स्वस्तात घेऊन 'अॅसिड हाउस' नावाचा नवा नाचाचा प्रकार काढला. २०१० मध्ये सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगाने तोंडात बोट घातलं: हे तर मुंबईत आधीच झालं होतं! ते २०१५ मध्ये गेले, पण ही दाद पाहून गेले.

आणि मोहिनी डे. १९९६ चा जन्म, मुंबईची, वडील बेसवादक. वयाच्या तिसऱ्या वर्षी हातात बेस, शाळकरी वयात व्यावसायिक कार्यक्रम, मग रणजित बारोट, झाकीर हुसेन, ए. आर. रहमान, स्टीव्ह वाय. ती दक्षिणेतल्या कोन्नक्कोलचे बोल तोंडाने म्हणते आणि तेच जसेच्या तसे बेसवर काढते. कुण्या घरात पोरगी बेस मागत असेल तर आधी हिचा व्हिडिओ लावा. आणि त्यानंतर कॅरोल केचा. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही, म्हणून या गिटारवालीच्या हातात बेस दिला गेला. पुढची कित्येक वर्षं तिथल्या स्टुडिओंना तिच्याशिवाय करमलं नाही.

हरवले ते गवसले

पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बर्गमध्ये सुमारे तीस पौंडांना व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस घेतला. आकार दोन्हीकडून सारखा, त्यामुळे डावखुऱ्याने उलटा धरला तरी वाईट दिसत नाही, हे एक कारण. बीटल्सची सुरुवातीची गाणी त्यावरची. १९७२ मध्ये लंडनमध्ये गाडीतून तो चोरीला गेला. चाहत्यांनी शोधमोहीम चालवली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी आली की बेस मालकाकडे परतला. इतकी वर्षं तो एका घराच्या माळ्यावर पडून होता. जॅकोचा तो पडदे उपटलेला बेसही १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या बागेतून गेला आणि वीस वर्षांनी उगवला. तोवर जॅको या जगात नव्हता. वाद्याचा क्रमांक आणि फोटो जपून ठेवा, एवढंच.

घ्यायचा असेल तर

हात लहान असतील, किंवा घरात मुलगा-मुलगी सातवी-आठवीत असेल, तर नेहमीच्या ३४ इंची तारेऐवजी ३० इंची बेस घ्या. मॅकार्टनीचा हॉफनर तेवढाच आहे. पहिला बेस जुना घेतला तरी चालतो, फक्त दांडा डोळ्यासमोर धरून सरळ आहे ना ते पाहा आणि प्रत्येक पडद्यावर बोट ठेवून एकदा वाजवा. पैसे उरले तर ते आधी बऱ्या हेडफोनवर घाला, कारण मोबाईलच्या स्पीकरमधून खालची तार जवळजवळ ऐकूच येत नाही आणि मूल समजतं की आपलंच चुकतंय. सरावाला पेटीवरचा कुठलाही अभंग घ्या, समेवर मूळ सूर, मध्ये पंचम. एवढ्यावर महिनाभर मजा येते.

बोटं किती वापरायची यावर वेडे लोक भांडतात. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा, तर्जनी, आणि मित्रांनी त्या बोटाचं नावच 'हूक' ठेवलं होतं. त्याच्या १९६२ च्या प्रिसिजन बेसवरच्या सपाट वेढ्याच्या तारा तो बदलायचाच नाही. जुन्या झाल्या, काळ्या पडल्या, तरी त्याच.

गोल वेढ्याच्या तारांचं मात्र तसं नाही. वेढ्यांत घाम आणि मळ साचला की चमक जाते, आणि नवा संच महाग. यावर जगभरचे बेसवाले एक जुना उपाय करतात: तारा काढायच्या, गुंडाळून पातेल्यात दहाएक मिनिटं उकळायच्या, फडक्याने पुसून पूर्ण वाळवायच्या आणि परत चढवायच्या. काही काळ आवाज पुन्हा झळाळतो. पातेलं वेगळं ठेवा.